घरातील ऊब : एक इंच पाण्याची ओढ

ज्योत ओळखणाऱ्या दांडीचे प्रकरण आज घ्यावयाचे असे मागल्या आठवड्यात ठरले होते. परंतु मध्यंतरी मिनिआपोलिसहून एका वाचक भगिनींचे पत्र आले, आणि त्यांचा प्रश्न इतक्या घरांना भेडसावणारा आहे की दांडीने आणखी एक आठवडा थांबणे इष्ट. धूर बाहेर नेण्यास प्लास्टिकचा पांढरा पाइप असलेली, नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची त्यांची फर्नेस कडाक्याच्या थंडीत व्यवस्थित पेटते, आठ-दहा मिनिटे जळते आणि एकाएकी विझते. तिच्या नियंत्रण-बोर्डावरचा दिवा प्रेशर स्विचच्या दोषाची खूण लुकलुकवतो. काही वेळाने ती आपोआप पुन्हा पेटते आणि पुन्हा विझते. तंत्रज्ञ आला, त्याने स्विच बदलला, बिल चुकते झाले, आणि आठवडा लोटण्यापूर्वी तीच खूण परत दिसू लागली. स्विच कोरा असताना दोष स्विचचा कसा, असे त्या विचारतात.

तो स्विचचा नव्हेच. स्विचचे काम एवढेच की, इंड्यूसरचा पंखा धुराच्या वाटेवर जी ओढ निर्माण करतो ती पुरेशी आहे की नाही याची खातरजमा करून तसे बोर्डास कळविणे. पंखा सुरू होण्यापूर्वी स्विच उघडा असला पाहिजे, सुरू झाल्यावर मिटला पाहिजे, आणि भट्टी जळत असेतो मिटलेलाच राहिला पाहिजे. या शिरस्त्यात खंड पडला की बोर्ड गॅसचा पुरवठा तोडतो. दिव्याची ती खूण ‘ओढ कमी पडली’ एवढेच सांगते, आणि ती का कमी पडली हा शोध तेथून पुढे सुरू होतो. तथापि स्विच बदलणे हे पाच मिनिटांचे काम असल्यामुळे पुष्कळांचा शोध तेथेच संपतो.

ही ओढ किती सूक्ष्म असते याची कल्पना आल्यावाचून पुढचे उमगणार नाही. स्विचच्या अंगावर ०.८० किंवा १.०० असा जो आकडा छापलेला असतो तो इंच जलस्तंभाचा, म्हणजे शहाळ्यात घातलेल्या नळीतून पाणी इंचभर वर चढावे एवढ्याच ओढीचा. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ओढीच्या पंपाने पाणी एका ठराविक उंचीपलीकडे चढत नाही ही गोष्ट नमूद केली; पुढे त्याचा शिष्य टॉरिचेल्ली याने पाण्याऐवजी पारा घेऊन, हा स्तंभ बाहेरच्या हवेच्या भारानेच तोलला जातो, असे दाखवून दिले. समुद्रसपाटीस ती मर्यादा सुमारे ३४ फुटांची, म्हणजे ४०० इंचांहून किंचित अधिक. सारांश, हवेच्या एकूण भाराच्या चारशेव्या हिश्शाएवढ्या फरकावर स्विचमधला तळहाताएवढा पडदा रात्रंदिवस नजर ठेवून असतो. अशा यंत्राकडे ओढ पोचविणारी नळी केसाएवढी चिरली, अथवा तिच्या वळणात पाण्याचा थेंब अडकला, तर निर्णय बदलावा यात नवल काय!

आता त्या आठ-दहा मिनिटांकडे वळू, कारण दोषाचा पत्ता मला तेथेच दिसतो. भट्टी मुळीच पेटत नसेल तर फाटलेली नळी, मंदावलेला पंखा किंवा बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी साचलेले बर्फ यांचा विचार प्रथम करावा. परंतु जी पेटते आणि जळता जळता विझते, तिच्यात बहुधा पाणी तुंबत असते. १ किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी उत्पन्न होते; जुन्या भट्ट्यांत ते वाफेच्या रूपाने धुराड्यावाटे निघून जाई, या भट्ट्यांत मात्र धूर दुसऱ्या उष्णता-विनिमयकात इतका निवविला जातो की वाफेचे पाणी होऊन ते निचऱ्याच्या ट्रॅपमधून मोरीकडे वाहू लागते. हे पाणी आम्लधर्मी असते. ट्रॅपमध्ये कालांतराने गाळ धरतो आणि निचरा मंदावतो. मग पाणी मागे साचत जाते, स्विचच्या नळीचे तोंड झाकते, आणि पलीकडे ओढ शाबूत असूनही पडद्यापर्यंत पोचत नाही. भट्टी विझली की नवे पाणी थांबते, साचलेले हळूहळू ओसरते, आणि पुढच्या खेपेस सारे पुन्हा सुरळीत भासते.

यास्तव भगिनींनी वीज व गॅस दोन्ही बंद करवून प्रथम ट्रॅप सोडवून धुऊन घ्यावा. स्विचकडील नळी काढून उजेडासमोर धरावी, आत पाणी दिसल्यास झटकून टाकावी. आणि जेथे ती बसते त्या बारीक तोंडात पातळ तार हलकेच फिरवावी, कारण तांबूस गंजाचे कण तेथे दाटून बसतात. स्विचमध्ये तोंडाने फुंकर मात्र कोणी घालू नये, पडदा दुखावतो. यानंतरही दोष राहिला तर तंत्रज्ञाकडून नळीत टी-जोड बसवून मॅनोमीटरने ओढ मोजून घ्यावी, आणि त्याच वेळी स्विचच्या दोन टोकांवर मीटर लावण्यास सांगावे. पंखा चालू असता तेथे २४ व्होल्ट दिसले तर स्विच उघडा, शून्याजवळ दिसले तर मिटलेला. छापील आकड्यापेक्षा अधिक ओढ असूनही तो उघडाच राहिला, तरच त्यास दोषी धरून बदलावे.

घर गार पडत आहे म्हणून स्विचची दोन टोके तारेने जोडून भट्टी चालविण्याची युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतात. तसे केल्यास धूर बाहेर जात आहे की नाही हे पाहणारा पहाराच उठतो, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्यास ना रंग ना वास. घरात मुलेबाळे निजलेली असताना हा प्रयोग कोणीही, एका रात्रीपुरताही, करू नये.

धुतलेला ट्रॅप पुन्हा बसविताना त्यात स्वच्छ पाणी भरावयास विसरू नये. कोरड्या ट्रॅपमधून पंखा हवा ओढून घेतो, आणि निचरा पुन्हा अडतो. दांडीचे प्रकरण पुढील आठवड्यात, दुसरे असे पत्र न आल्यास.