इंटरल्यूकीन–७

इंटरल्यूकीन–७ : लसीका कोशिकांची (पांढऱ्या रक्तकोशिकांच्या एका प्रकाराची) वाढ व जीवन यांस आवश्यक असलेले संदेशवाहक प्रथिन. प्रतिरक्षा यंत्रणेतील कोशिका ज्या विद्राव्य प्रथिनांद्वारे परस्परांवर परिणाम करतात, त्यांना ‘सायटोकाइने’ म्हणतात. प्रस्तुत प्रथिन त्यांपैकीच एक होय. अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये उंदराच्या अस्थिमज्जेतील आधारक कोशिकांपासून त्याचे जनुक मिळविले. मानवी इंटरल्यूकीन–७ मध्ये १५२ ॲमिनो अम्ले असतात.

लसीका कोशिका हे प्रथिन स्वतः तयार करीत नाहीत. अस्थिमज्जा, यौवनलोपी ग्रंथी (थायमस) व लसीका ग्रंथी यांतील आधारक कोशिका ते स्रवतात. लसीका कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राहीशी त्याचा संयोग झाला म्हणजे कोशिकेतील विशिष्ट एंझाइमे कार्यान्वित होतात आणि बीसीएल–२ या प्रथिनाची निर्मिती वाढते. हे प्रथिन कोशिकेचा नियोजित मृत्यू रोखते. संदेश मिळेनासा झाल्यास टी कोशिका लवकरच मरते.

या प्रथिनाचा पुरवठा मर्यादित असल्याने टी कोशिकांच्या संख्येचे आपोआप नियमन होते. संख्या वाढली की प्रत्येकीच्या वाट्यास ते कमी येते. उलट कर्करोगावरील रासायनिक चिकित्सेमुळे संख्या घटल्यास त्याचे रक्तातील प्रमाण वाढते व उरलेल्या कोशिका विभाजन पावू लागतात.

ग्राही दोन साखळ्यांचा बनलेला असतो. त्यांतील गॅमा साखळी इतर काही इंटरल्यूकिनांच्या ग्राहींतही असते. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असून त्यातील दोषामुळे मुख्यतः मुलग्यांना तीव्र संयुक्त प्रतिरक्षान्यूनता हा आनुवंशिक रोग होतो, असे १९९३ मध्ये दिसून आले. या रोगात टी कोशिका जवळजवळ नसतात व साधा संसर्गही प्राणघातक ठरतो. डेव्हिड व्हेटर (१९७१–८४) या अमेरिकन मुलास याच रोगामुळे बहुतेक सर्व आयुष्य निर्जंतुक प्लॅस्टिक-कक्षात काढावे लागले.

अशा अर्भकास बीसीजीसारखी जिवंत जंतूंची लस धोक्याची असते. निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेचे प्रतिरोपण संसर्ग होण्यापूर्वी, पहिल्या काही महिन्यांतच केल्यास बहुतेक बालके वाचतात. म्हणून नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्तावरून रोगाचे निदान वेळीच होणे महत्त्वाचे असते.

याउलट, ग्राहीतील काही उत्परिवर्तनांमुळे संदेश अखंड चालू राहतो. काही टी कोशिकाजन्य रक्तार्बुदांत (ल्युकेमियांत) अशी उत्परिवर्तने आढळतात. अशा रीतीने या संदेशाचा अभाव व अतिरेक हे दोन्ही घातक ठरतात.