ठेकेदाराने फसवलं? पैसे परत मिळवण्याचे ३ कायदेशीर रस्ते



समजा, घराच्या रिनोव्हेशनसाठी तुम्ही ठेकेदाराला ३ लाख ॲडव्हान्स दिला. त्याने भिंती फोडल्या, आठ दिवस माणसं पाठवली आणि मग फोन बंद! चौकशी केल्यावर कळलं, वायरिंगचं लायसन्स आहे म्हणाला तेही खोटंच. आता काय?

आधी पुरावे गोळा करा. कोटेशन, व्हॉट्सॲप चॅट, बँकेच्या एंट्र्या, अर्धवट कामाचे फोटो. लेखी करार नाही म्हणून घाबरू नका. तोंडी करारही चालतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. दुसरा माणूस कामाला लावण्याआधी इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट घ्या. नवीन प्लास्टर चढलं की जुनी चूक दाखवणार कशी?

मग वकिलामार्फत नोटीस पाठवा. कधी कधी इथेच विषय मिटतो. नाही मिटला तर:

१. ग्राहक आयोग: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही 'सेवा' आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जा. ५ लाखांपर्यंत फी शून्य. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षं. सल्ल्यासाठी हेल्पलाइन १९१५.

२. पोलीस: "हा दिवाणी मामला आहे" असं उत्तर मिळू शकतं. कारण नुसतं काम अर्धवट सोडणं म्हणजे फसवणूक नव्हे; सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसावा लागतो. खोटं लायसन्स दाखवून पैसे घेतले असतील, तर तोच तुमचा मुख्य मुद्दा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ इथे लागू होऊ शकतं. तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

३. दिवाणी कोर्ट: करार मोडल्याची भरपाई मागता येते. मुदत साधारण ३ वर्षं, पण वेळ जास्त लागतो.

आणि हो, महारेरा बिल्डरच्या प्रोजेक्टसाठी आहे. तुमच्या घरी फरशी बसवणाऱ्यासाठी नाही. तिथे चकरा मारू नका.

पुढच्या वेळी? वीजकामाचं लायसन्स स्वतः डोळ्यांनी बघा, जीएसटी नंबर पोर्टलवर तपासा आणि पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणेच द्या.

तुम्ही स्वतः ठेकेदार असाल तर हीच कागदपत्रं ग्राहकाने मागण्याआधी त्याच्या हातात ठेवा. विश्वास तिथूनच सुरू होतो आणि पुढची कामंही तिथूनच येतात!