आधी दांडा, मग धार

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत राउटरचा बिट मागायला गेलं, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "कोलेट कितीची?" गिऱ्हाईक मोबाईलवर कपाटाच्या दाराचा फोटो दाखवत असतं, नक्षीवर बोट ठेवत असतं, दुकानदार फोटोकडे बघतही नाही. त्याचं बरोबर असतं. बिटाची धार लाकूड कापते, पण तिच्यावरचा गुळगुळीत दांडा यंत्रात धरला जातो. ज्या चिरा पाडलेल्या नळीत तो आवळला जातो ती कोलेट. नळी आणि दांडा जुळले नाहीत, तर खालची धार सोन्याची असून उपयोग नाही.

आपल्या बाजारात दांड्यांची खिचडी आहे. 6 मिलिमीटर, पाव इंच, 8 मिलिमीटर, 12 मिलिमीटर आणि अर्धा इंच, सगळे एकाच काचेखाली. सुतार अजून सुतात बोलतो आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्यामुळे पाव इंचाचा दांडाही दोन सूत आणि 6 मिलिमीटरचाही दोन सूतच. प्रत्यक्षात पाव इंच भरतो 6.35 मिलिमीटर. फरक एवढासा, पण पाव इंचाच्या कोलेटमध्ये 6 मिलिमीटरचा दांडा घालून नट आवळला, तर हाताला तो घट्ट लागतो आणि यंत्र सुरू झालं की हळूहळू खाली सरकू लागतो. 6 मिलिमीटर खोल धरलेली खोबण दुसऱ्या टोकाला 8 मिलिमीटर होऊन बसते. ही झाली नशिबाची गोष्ट. नशीब नसलं, तर मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्यांनी फिरणारा बिट सुटून बाहेर येतो.

निवड करता येत असेल तर जाड दांडा घ्यावा. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 6 ऐवजी 8 मिलिमीटर घेतला की तो तिपटीहून जास्त ताठ होतो; पाव इंचाऐवजी अर्धा इंच घेतला, तर सोळा पट. बारीक दांडा लाकडात किंचित वाकतो, थरथरतो आणि ती थरथर कडेवर बारीक लाटांच्या रूपात उमटते. मग ती घालवायला पॉलिश पेपर घेऊन कुणीतरी बसतं. पॉलिशवाल्याचा हात जिथे तासभर चालतो, तिथे पुष्कळदा दोष दांड्याचा असतो.

भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ एका मिस्त्रींच्या कारखान्यात मी अधूनमधून जाऊन बसतो. मूळचे राजापूरकडचे, रंधा आणि पटाशीवर हात बसलेला, राउटर पुढे आला. बिट लावताना ते दांडा आधी तळापर्यंत घालतात आणि मग दोन-तीन मिलिमीटर मागे ओढून नट आवळतात. आवळताना कोलेट दांड्याला थोडं आत खेचते. दांडा आधीच तळाला टेकलेला असेल, तर त्याला सरकायला जागा उरत नाही आणि पकड अर्धवट बसते. हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. "टेकवून आवळलं की ढिलं पडतं," एवढंच ते म्हणतात.

त्यांच्याकडे बिटांचा संच नाही. नवख्या हौशी माणसाला पहिला मोह होतो तो नेमका संचाचा: लाकडी पेटी, आत फोमच्या खाचांत ओळीने बसवलेले तीसेक बिट, प्रत्येकाचा आकार वेगळा. किंमत भागिले संख्या केली, की एकेक बिट फुकट पडल्यासारखा वाटतो. माझं मत विचाराल तर ही पेटी भेट द्यायला चांगली. त्यातले वीस बिट कधी लाकडाला लागणार नाहीत, आणि रोज लागणारे चार-पाच इतके हलके असतात की पहिल्या सागवानी कामातच बोथट होतात. मिस्त्रींच्या डब्यात मोजके बिट आहेत. फळीला ओळीने भोकं पाडून त्यात दांडे उभे केलेले, म्हणजे धार धारेला लागत नाही. बरणीत सुटे टाकलेले बिट एकमेकांच्या धारा मोडतात. कार्बाइड कठीण असतं, पण तितकंच ठिसूळही.

सागाचं म्हणाल तर आपल्याकडे त्याच्याइतकं कौतुक दुसऱ्या लाकडाला नाही, आणि धारेला त्याच्याइतकं त्रासदायकही फारसं कुणी नाही. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. साध्या हाय स्पीड स्टीलचा बिट त्यात लवकर मरतो. प्लायवूड आणि एमडीएफमधला वाळलेला गोंदही स्टीलच्या धारेला तसाच खातो. म्हणून धारेला टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या जोडलेले बिट घ्यायचे. हे कार्बाइड जर्मनीत 1920 च्या दशकात विजेच्या दिव्याची टंगस्टनची तार ओढण्याच्या साच्यांसाठी शोधलं गेलं. क्रुप कंपनीने ते 'विडिया' या नावाने बाजारात आणलं आणि भोसरीपासून अंबडपर्यंतच्या वर्कशॉपांत कार्बाइडच्या कुठल्याही टोकाला आजही विडियाच म्हणतात. स्टीलला ताज्या घासणीनंतर जास्त तीक्ष्ण धार येते हे खरं, पण ती टिकत नाही.

दुकानात बिट हातात घेतल्यावर बघायचं ते हेच: पट्टी जाड आहे का, आणि ती स्टीलला जिथे जोडली आहे तिथे झाळ सलग आहे का. पट्टीच्या मागे काळी रेघ किंवा पोकळी दिसली, तर बिट परत ठेवावा. दोन्ही पट्ट्या मध्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. बिटाला बेअरिंग असेल, तर ते बोटाने फिरवून बघावं, न अडखळता फिरलं पाहिजे. सरळ बिटाचं टोकही बघावं. टोकाला आडवी धार नसेल, तर तो बिट वरून लाकडात घुसत नाही, फक्त कडेने शिरतो. मध्येच खोबण सुरू करायची असेल, तर असा बिट लाकूड जाळत बसतो.

आपल्याकडच्या फर्निचरच्या धंद्यात सर्वात जास्त फिरणारा बिट कुठला, तर फ्लश ट्रिम. टोकाला बेअरिंग, वर सरळ धार आणि दोघांचा व्यास अगदी एक. प्लायवर सनमायका चिकटवताना तो कडेबाहेर थोडा राखलेला असतो. ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर, कडेवरून ओढला, की बेअरिंग प्लायला टेकून चालतं आणि धार तेवढा वाढावा कापून टाकते. काम सोपं आहे, पण सनमायका चिकटवायचं सोल्युशन बेअरिंगला लागतं. चिकट थर साचला की बेअरिंगचा व्यास वाढतो, सनमायका केसभर बाहेर राहतो. आणखी साचला की बेअरिंग फिरायचंच थांबतं, धारेबरोबर गरगरतं आणि ज्या पृष्ठभागावर टेकलेलं असतं त्यावर काळा पट्टा ओढतं. ग्राहकाला तो पट्टा सनमायकाचा दोष वाटतो. मिस्त्री दर फळीनंतर बेअरिंगवरून थिनरचा बोळा फिरवतात. बिट थिनरमध्ये बुडवून ठेवत नाहीत. आतलं ग्रीस धुऊन गेलं की बेअरिंग संपलं.

याच बिटाचा भाऊ म्हणजे पॅटर्न बिट. त्याचं बेअरिंग टोकाला नसून वर, दांड्याच्या बाजूला असतं. हौशी माणसाने पहिला बिट कुठला घ्यावा असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगतो. त्याचं कारण प्लायच्या जाडीत आहे. 18 मिलिमीटरचा म्हणून आणलेला प्लाय कॅलिपरखाली धरला, तर दोन-चार दशांशांनी इकडे-तिकडे भरतो, कधी त्याहून कमी. कपाटाच्या उभ्या फळीत कप्प्यासाठी खाच पाडायची, तर पाऊण इंचाचा बिट उचलावासा वाटतो. पण पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, कप्पा त्यात डुगडुगतो आणि फटीत लांबी भरावी लागते. 18 चा नेमका बिट मिळाला, तरी प्लाय नेमका 18 चा नसतो.

मिस्त्री मोजतच नाहीत. कप्प्याचाच एक तुकडा घेतात, त्याच्या दोन बाजूंना दोन सरळ पट्ट्या चिकटून ठेवतात, पट्ट्या क्लँपने आवळतात आणि तुकडा काढून घेतात. आता दोन पट्ट्यांमधली वाट त्या प्लायच्या जाडीइतकीच आहे. अर्ध्या इंचाचा पॅटर्न बिट त्या वाटेत सोडायचा, बेअरिंग एका पट्टीला टेकवत जायचं आणि दुसरीला टेकवत परत यायचं. खाच होते ती प्लायच्या जाडीची, मग ती कितीही असो. कप्पा हाताच्या दाबाने आत जातो आणि कपाट उलटं केलं तरी पडत नाही. बिट खाचेपेक्षा लहान असावा, ही एवढीच अट. मागच्या बाजूच्या 6 मिलिमीटर प्लायच्या खोबणीला तो चालत नाही. तिथे मिस्त्री 5 मिलिमीटरचा बिट घेऊन फेन्स सरकवत दोन फेऱ्या करतात.

फेरी करण्याची दिशाही ठरलेली आहे. यंत्र वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेने उलट दिशेने जायचं, धार लाकडाला सामोरी यायला हवी. काट्यांच्याच दिशेने गेलं, की बिट लाकडावर चढून धावतो आणि यंत्र हातातून ओढून नेतो. टेबलाच्या चारही कडांना गोलाई द्यायची असेल, तर आधी तंतूंना आडव्या जाणाऱ्या दोन कडा, मग लांब दोन. आडव्या कडेच्या शेवटी निघालेल्या चोया लांबीच्या फेरीत कापल्या जातात.

वळ्या असलेले स्पायरल बिट आता सगळीकडे मिळतात आणि त्यांतही वर की खाली हा प्रश्न आहे. वर ओढणारा बिट भुसा खोबणीबाहेर फेकतो, खोल खोबणीला उत्तम. पण वरच्या व्हिनिअरच्या चोया काढतो आणि कोलेट सैल असेल तर स्वतःलाच खाली खेचतो. खाली दाबणारा बिट वरची कड कागदासारखी स्वच्छ ठेवतो, भुसा मात्र खोबणीत ठासतो आणि तापतो. दोन्ही बाजूंनी सनमायका असलेल्या बोर्डासाठी दोन्ही वळ्या एकात असलेला कॉम्प्रेशन बिट असतो. तो सीएनसीवाल्यांचा माल आहे. हातातल्या राउटरवर त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

बिट मोठा झाला की वेगाचा विचार सोडून चालत नाही. 12 मिलिमीटरचा बिट मिनिटाला 24,000 फेऱ्यांनी फिरला, तर त्याची धार ताशी सुमारे 54 किलोमीटरने धावते. त्याच वेगावर 50 मिलिमीटरचा बिट लावला, तर ताशी 226. दाराच्या पॅनलची कड उतरवणारा बिट आणखी मोठा, 80 मिलिमीटरच्या आसपास. तो 24,000 वर म्हणजे ताशी 360 किलोमीटर. म्हणून असा बिट 10,000 च्या आसपासच चालवतात, तोही राउटर टेबलाखाली उलटा बसवून. ज्या ट्रिमरला वेग कमी करण्याची चकतीच नाही, त्यासाठी मोठा बिट मागणाऱ्याला दुकानदाराने सरळ नाही म्हणावं. काही दुकानदार म्हणतातही.

वेग जास्त की हात सावकाश, हे कडेच्या रंगावरून कळतं. दोन धारांचा बिट 18,000 वर असेल, तर मिनिटाला 36,000 वेळा धार लाकडाला लागते. हात मिनिटाला तीन मीटर सरकला, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला मिलिमीटरचा बारावा भाग येतो, तेवढी छोटी ढलपी निघते आणि उष्णता घेऊन उडते. हात अर्ध्या मीटरवर आला, तर ढलपीऐवजी पीठ निघतं, धार नुसती घासते आणि सागावर तपकिरी डाग उठतात. मिस्त्री आवाज ऐकतात. यंत्राचा सूर दबला की हात हलका करतात, चढला की पुढे सरकतात. आणि एका फेरीत बिटाच्या अर्ध्या व्यासाहून खोल जात नाहीत.

हा नियम मोडावा लागतो तो डव्हटेल बिटाला. तो खाली रुंद, वर अरुंद. त्यामुळे थोडं-थोडं खोल जाणं शक्यच नाही, पहिल्याच फेरीत पूर्ण खोली. मध्येच यंत्र वर उचललं, तर बिट खोबणीचे काठ उचकटून बाहेर येतो. म्हणून आधी सरळ बारीक बिटाने मधलं लाकूड काढून टाकायचं आणि डव्हटेलला फक्त बाजू कापायला ठेवायच्या. खणांसाठी सर्रास मिळणारा बिट 14 अंशांचा, म्हणजे चारास एक असा उतार. हाताने कापणारे सुतार कठीण लाकडात आठास एक इतका निमुळता उतार ठेवतात. खण उघडून बघितला, की सांधा यंत्राचा की हाताचा हे त्या उतारावरून ओळखता येतं. मला हाताचाच आवडतो, पण वीस खण करायचे असतील तर मीही 14 अंशच घेईन.

नक्षीच्या बिटांबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितोय. जुन्या वाड्यांच्या दारांवरची गोलाई आणि पन्हाळी हातानेच काढलेली, वेगळ्या आकाराला वेगळी हत्यारं. आज एक राउटर आणि वीस बिट ते सगळं करतात आणि म्हणूनच नको तिथेही करतात. ओजी, म्हणजे इंग्रजी S सारख्या वळणाचा, बिट घेतला की प्रत्येक कडेवर ओजी. मिस्त्रींच्या डब्यात नक्षीचे बिट दोनच आहेत: 6 मिलिमीटर त्रिज्येचा गोलाईचा आणि 45 अंशांचा. गोलाईच्या बिटाचं बेअरिंग बदलून लहान घातलं, की त्याच धारेतून कडेला एक पायरीही निघते. तिसरा आकार कुणी मागितला, तर ते बिटाचे पैसे वेगळे लावतात.

कार्बाइडची धार ते हिऱ्याच्या पाटीवर लावतात, पण पट्टीच्या सपाट पुढच्या अंगालाच, दोन्ही पट्ट्यांना सारखे हात. बाहेरची गोल बाजू घासली, तर व्यास आणि आकार दोन्ही बिघडतात. तीन-चारदा धार लावल्यावर फ्लश ट्रिमचा व्यास बेअरिंगपेक्षा किंचित कमी भरतो आणि सनमायका कडेला बोटाला लागू लागतो. तेव्हा तो बिट वेगळ्या भोकात जातो: जुनी दारं दुरुस्त करताना, जिथे लाकडात मोडका खिळा असण्याची शक्यता आहे, तिथे कडा छाटायला. बिजागरीची खाच सरळ बिटाने काढतात, पण गोल बिटाने कोपरा गोलच राहतो. तो चौकोनी करायला अर्ध्या इंचाची पटाशी असतेच हाताशी.