विश्लेषण : गृहकर्जाचा व्याजदर एक, प्रत्यक्ष खर्च वेगळा, चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी सहीआधी काय तपासावे?

‘फक्त ९ टक्के व्याज, झटपट मंजुरी’ अशी गृहकर्जाची जाहिरात मोबाइलवर येते. फोन केला की एजंट घरी येतो आणि कागद गोळा करतो. मग लॉगिन फी, प्रक्रिया शुल्क, वकिलाचा अहवाल, मूल्यांकन, विमा अशी एकेक रक्कम पुढे येऊ लागते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत याला आणखी एक पदर आहे, तो जमिनीच्या कागदांचा. अनेकदा शुल्क आधी भरले जाते आणि जमीन तारण ठेवता येते की नाही, हे नंतर कळते. ही शुल्के कोणती, नियम काय सांगतात आणि पैसे वाचवायचे कसे, याचा आढावा.

व्याजदर ९ टक्के म्हणजे खर्च ९ टक्केच का नाही?

एक उदाहरण घेऊ. समजा, घुग्घुसमधील एका खाण कामगाराने १५ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता येतो सुमारे १३,४९६ रुपये. जाहिरातीतले गणित इथे संपते. आता कर्ज देणाऱ्या संस्थेने १ टक्का प्रक्रिया शुल्क लावले, तर १५ हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,७०० रुपये. कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकनाचे ८ हजार धरू. म्हणजे घराची वीटही रचण्याआधी २५,७०० रुपये गेले.

त्यात ४५ हजारांचा एकरकमी विमा कर्जातच जोडला, तर कर्ज १५ लाख ४५ हजारांचे होते आणि हप्ता १३,९०१ रुपयांवर जातो. महिन्याला ४०५ रुपये जास्त, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण २४० महिन्यांत त्या ४५ हजारांच्या विम्यासाठी सुमारे ९७ हजार रुपये भरले जातात. सगळी शुल्के आणि विमा धरून या कर्जाचा वार्षिक दर काढला, तर तो ९ नव्हे, सुमारे ९.६५ टक्के येतो. या दराला ‘एपीआर’, म्हणजे वार्षिक टक्केवारी दर म्हणतात. दोन कर्जांची तुलना करायची असेल, तर जाहिरातीतल्या दराऐवजी हा आकडा पाहावा.

‘की फॅक्ट स्टेटमेंट’ काय आहे?

हा एपीआर ग्राहकाला आधीच कळावा, यासाठी रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढले. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (केएफएस) देणे बँका, बिगरबँकिंग वित्त कंपन्या आणि गृहवित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. कर्जाची रक्कम, व्याजदर, प्रत्येक शुल्क, एपीआर, दंड शुल्क आणि हप्त्यांचे संपूर्ण वेळापत्रक त्यात असते.

यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. एक, केएफएस कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, म्हणजे मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. दोन, ते हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात आणि तोवर त्यातील अटी संस्थेवर बंधनकारक राहतात. ‘आज सही केली नाही तर ऑफर जाईल’ हे म्हणणे या नियमात बसत नाही. तीन, केएफएसमध्ये नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या पूर्ण मुदतीत लावता येत नाही. विमा किंवा वकिलाच्या फीसारखी रक्कम संस्था तिसऱ्या पक्षासाठी वसूल करत असेल, तर तीही एपीआरमध्ये धरावी लागते आणि प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या द्याव्या लागतात.

मग चंद्रपूर-गडचिरोलीत पैसे अडकतात कुठे?

केएफएस करारापूर्वी मिळते, पण लॉगिन फी त्याच्याही आधी, अर्ज देतानाच घेतली जाते. ती बहुतेकदा परत मिळत नाही. शहरातील मंजूर आराखड्याच्या फ्लॅटसाठी हा धोका कमी असतो. इथे मात्र जमिनीचे प्रकार अनेक आहेत आणि फाइल वकिलाच्या टेबलावर गेल्यावरच अडते. त्यामुळे लॉगिन फी देण्यापूर्वी आपली जमीन पुढीलपैकी कशात मोडते, हे पाहावे.

वनहक्क पट्टा : २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क वारसांना जातो; पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे अशी जमीन गृहकर्जासाठी तारण म्हणून चालत नाही. ‘पट्ट्यावर कर्ज करून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर फी देऊ नये.

आदिवासी खातेदाराची जमीन : महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार ही जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासी व्यक्तीला हस्तांतरित करता येत नाही. बिगरआदिवासी खरेदीदाराने परवानगीविना असा प्लॉट घेतला असेल, तर व्यवहारच अडचणीत येतो, कर्ज ही पुढची गोष्ट. जमीन आदिवासी कुटुंबाच्या स्वतःच्या नावावर असली, तरी थकबाकी झाल्यास ती कोणालाही विकता येत नसल्याने अनेक खासगी संस्था हात आखडता घेतात.

झुडपी जंगल : पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांचा हा जुना प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल जमिनी वनजमिनीच असल्याचे स्पष्ट केले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी वेगळा मार्ग ठेवला, मात्र त्यासाठीही राज्याला केंद्राची मंजुरी घ्यावी लागणार आहे. सातबाऱ्यावर किंवा जुन्या नोंदीत ‘झुडपी जंगल’ असेल, तर कर्जापूर्वी तहसील कार्यालयातून सद्यस्थिती लेखी घ्यावी.

भोगवटादार वर्ग-२ आणि नझूल : दोन्हींत सरकारच्या अटी असतात. वर्ग-२ च्या सातबाऱ्यावर हस्तांतरणाचे निर्बंध नोंदवलेले असतात. चंद्रपूरसारख्या शहरातील नझूल भूखंडावर भाडेपट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे का, हे पाहिले जाते.

गावठाणातील घर : खेड्यात बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकी हक्काचा दस्त नव्हे. अनेक बँका केवळ त्यावर कर्ज देत नाहीत. काही गृहवित्त कंपन्या देतात, पण जोखीम धरून जास्त दराने. गावात स्वामित्व योजनेचे ड्रोन सर्वेक्षण होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल, तर आधी तिच्या आधारे बँकेत विचारणा करावी. दरातील दोन-तीन टक्क्यांचा फरक २० वर्षांत काही लाखांचा होतो.

अर्ज नाकारला तर कारण लेखी देणे आणि कोणते शुल्क परत मिळेल हे अर्जातच सांगणे, हे रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेत आहे. त्यामुळे एजंटच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने फी पाठवू नये. ती संस्थेच्या खात्यातच भरावी आणि पावती घ्यावी.

गृहकर्जासोबत विमा सक्तीचा आहे का?

गृहकर्जासाठी जीवन विमा घेतलाच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. घराचा आगीपासून विमा असावा, अशी अट करारात असू शकते. पण ती पॉलिसी कोणत्या कंपनीची घ्यायची, हे ग्राहक ठरवू शकतो. कमावता माणूस एकच असेल, तर विमा उपयोगाचाच आहे. मात्र त्याच रकमेची साधी मुदत विमा पॉलिसी स्वतंत्रपणे किती रुपयांना मिळते, हे आधी विचारावे. फाइलमध्ये सही करून घेतलेली जीवन विमा पॉलिसी नको असेल, तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या ‘फ्री-लूक’ काळात परत करता येते.

हप्ता तोच, तरी कर्ज का वाढते?

बारीक अक्षरांतले सर्वांत महागडे कलम ‘बदलता व्याजदर’ हे असते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्के झाला. अनेकांचा हप्ता तोच राहिला. वाढली ती मुदत. १५ लाखांचे कर्ज ८ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आणि सुरुवातीलाच दर ९.५ टक्के झाला, तर त्याच १२,५४७ रुपयांच्या हप्त्याने कर्ज फिटायला ३७१ महिने लागतात. म्हणजे ११ वर्षे जास्त.

दर कमी झाल्यावर त्याचा फायदा जुन्या ग्राहकांपर्यंत पोहोचत नाही, ही तक्रार जुनी आहे. रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासगटाने २०१७ मध्ये बँकांच्या दर ठरवण्याच्या पद्धतीतील मनमानीवर बोट ठेवले. मुंबईतील मनीलाइफ फाउंडेशनने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला संस्थेच्या निवेदनावर निर्णय कळवण्यास सांगितले. पुढे १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडणे आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलणे सक्तीचे झाले.

ही सक्ती गृहवित्त कंपन्यांना नाही. त्या आपला संदर्भ दर स्वतः ठरवतात. त्यामुळे २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.२५ टक्के झाला, तरी गृहवित्त कंपनीच्या ग्राहकाला तेवढीच कपात मिळेल, याची खात्री नसते. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर वाढताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. हा पर्याय वापरा. शक्य असेल तर हप्ता वाढवून मुदत आटोक्यात ठेवणे स्वस्त पडते.

आणखी कोणते नियम खिशाशी संबंधित आहेत?

मुदतपूर्व फेड : घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षे स्थिर दर असलेल्या ‘मिश्र’ कर्जात मात्र त्या काळासाठी हे शुल्क असू शकते. कलम वाचा.

दंड : १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर ‘दंडव्याज’ नाही, फक्त दंड शुल्क. त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही.

व्याजाची तारीख : मंजुरीच्या किंवा कराराच्या दिवसापासून नव्हे, तर पैसे प्रत्यक्ष मिळाल्यापासून व्याज लागते. टप्प्याटप्प्याने बांधकाम असेल, तर मिळालेल्या रकमेवरच ते लागते. पण या काळातल्या ‘प्री-ईएमआय’ने मुद्दल कमी होत नाही. पावसाळ्यात काम चार महिने थांबले, तरी तो सुरूच राहतो. त्यामुळे पहिला टप्पा कधी उचलायचा, हे बांधकामाचे वेळापत्रक पाहून ठरवावे.

मूळ कागदपत्रे : कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत मिळायला हवेत. संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

तक्रार कुठे करायची?

आधी संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनीची तक्रार मात्र राष्ट्रीय आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ पोर्टलवर जाते. त्यामुळे कर्ज देणारी संस्था नेमकी बँक आहे की गृहवित्त कंपनी, हे मंजुरीपत्रावरच पाहून ठेवा; नाव सारखे असले तरी संस्था वेगळी असू शकते. याशिवाय चंद्रपूर आणि गडचिरोली येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे.

या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. एजंटने तोंडी दिलेला दर तिथे टिकत नाही, केएफएस आणि पावत्या टिकतात. म्हणून क्रम उलटा करा. आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका घेऊन बँकेत जा आणि ही जमीन तारण चालेल का, हे विचारा. मग मराठीतले केएफएस मागून दोन संस्थांचे एपीआर शेजारी ठेवा. फी आणि सही त्यानंतर.