शोभेची तलवार

शोभेची तलवार म्हणजे लढण्यासाठी नव्हे, तर भिंतीवर लावण्यासाठी, संग्रहात ठेवण्यासाठी, वेशभूषेचा भाग म्हणून किंवा विधीपुरती हाती धरण्यासाठी घडवलेली तलवारीची प्रतिकृती होय. महाराष्ट्रात मराठाकालीन धोप, फिरंग आणि दांडपट्टा यांच्या प्रतिकृती अधिक आढळतात. वायकिंग काळातील युरोपीय तलवारींच्या प्रतिकृतीही हौशी संग्राहक विकत घेतात. अशी वस्तू कायद्याने शस्त्र ठरते की नाही, हे विक्रेत्याने दिलेल्या 'शोभेची' या नावावर अवलंबून नसते. तिचे पाते काय करू शकते, यावर अवलंबून असते.

खानदेशातील वापर

जळगाव व धुळे जिल्ह्यांत शोभेच्या तलवारी मुख्यतः शिवजयंतीच्या मिरवणुका, दसऱ्याचे शस्त्रपूजन आणि शाळांची स्नेहसंमेलने या प्रसंगी दिसतात. काही समाजांत लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार किंवा तलवार देण्याची प्रथा आहे. तमाशाच्या वगात आणि सोंगांच्या खेळांत मात्र लाकडी, बेगड लावलेल्या तलवारीने काम भागते. रंगमंचाच्या दृष्टीने तीच सर्वांत सुरक्षित प्रतिकृती होय.

मुल्हेरी मूठ

मराठा तलवारींच्या मुठींचा 'मुल्हेरी' हा एक प्रसिद्ध घाट आहे. बागलाणातील मुल्हेर या किल्ल्याच्या गावावरून हे नाव पडले असे मानले जाते. मुल्हेर आज नाशिक जिल्ह्यात असले, तरी १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत बागलाण ब्रिटिशकालीन खानदेशात मोडत असे.

या घाटाचे अलीकडे चर्चेत आलेले उदाहरण म्हणजे नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार. लंडनमधील लिलावात महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. तिचे पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे असून मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची आहे. परदेशी पाते आणि देशी मूठ अशी ही जोडणी मराठ्यांच्या फिरंग तलवारीत नेहमीची होती. 'फिरंग' या नावातच ते आले. त्यामुळे प्रतिकृतीत एकच देश किंवा एकच कारखाना शोधणे फिरंगेच्या बाबतीत चुकीचे ठरते. बाजारातील अनेक 'शिवकालीन' तलवारींना अतिवक्र पाते आणि ओतीव पितळी मूठ असते. ती घडण चित्रपट व कॅलेंडरच्या चित्रांना जवळची, मूळ फिरंगेपासून दूरची आहे.

वायकिंग तलवारींच्या प्रतिकृती

वायकिंग काळ साधारणपणे इ.स.च्या ८ व्या शतकाच्या अखेरीपासून ११ व्या शतकापर्यंतचा मानतात. त्या काळची तलवार सरळ, दुधारी, सुमारे ९० सेंटिमीटर लांब आणि एका हाताने वापरण्याची असे. मुठीला आखूड आडवी पट्टी व मागे जड गोंडा असे. नॉर्वेजियन अभ्यासक यान पीटरसन यांनी १९१९ मध्ये मुठींच्या आकारावरून केलेले वर्गीकरण अजूनही वापरले जाते.

'उल्फबेर्त' हे नाव कोरलेल्या सुमारे १७० तलवारी युरोपात सापडल्या आहेत. त्यांतील काहींवर नावाची अक्षरे चुकलेली असून पोलादही हलके आहे. त्यांना त्याच काळातील नकला मानणारे अभ्यासक आहेत. तलवारीची नक्कल हा आधुनिक उद्योग नव्हे, हे यावरून दिसते.

या प्रतिकृतींच्या जागतिक व्यापारात भारताचा वाटा आहे. देहरादून येथे १९४३ मध्ये स्थापन झालेली विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी विविध युरोपीय तलवारींच्या प्रतिकृती तयार करून अमेरिकेसह अनेक देशांत पाठवते. तिचा आरंभ गुरखा सैनिकांच्या खुकरीपासून झाला.

रचना

केवळ भिंतीवर लावण्याच्या तलवारीचे पाते बहुधा स्टेनलेस स्टीलचे असते. ते गंजत नाही आणि चकाकते. मात्र लांब पात्यात ते आघात सहन करत नाही. खरी कमजोरी मुठीच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असते. लढाऊ तलवारीत पात्याचाच निमुळता भाग मुठीत जाऊन घट्ट बसतो. स्वस्त प्रतिकृतीत त्या जागी बारीक सळई वितळजोडाने जोडलेली असते. अशी तलवार जोराने फिरवल्यास जोड तुटून पाते सुटू शकते. मिरवणुकीत किंवा नाटकात तलवार फिरवायची असेल, तर धार नाही एवढे पाहणे म्हणूनच पुरेसे नाही.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत धारदार शस्त्रे येतात. खेळण्याखेरीज अन्य उपयोग नसलेल्या आणि वापरण्याजोग्या शस्त्रात रूपांतर न होऊ शकणाऱ्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. यातील दुसरी अट महत्त्वाची आहे. पोलादी पात्याला आज धार नसली, तरी सहाणेवर ती लावता येते. लाकडी तलवारीबाबत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. शस्त्र नियम, २०१६ मधील यादीत तलवार, खंजीर व भाला यांची नावे असून नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती व शेतीची अवजारे वगळली आहेत. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात अशी शस्त्रे बाळगण्यास अधिनियमाच्या कलम ४ नुसार परवाना लागतो.

एप्रिल २०२२ मध्ये धुळे जिल्ह्यातील सोनगीर पोलिसांनी मुंबई–आग्रा महामार्गावर एका मोटारीतून ८९ तलवारी व एक खंजीर जप्त केला. हा माल राजस्थानातील चित्तोडगडहून जालन्याकडे जात असल्याचे पोलिसांनी सांगितले. सोनगीर एरवी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण-उत्सव व निवडणुकांच्या काळात मनाई आदेश निघतात. ते लागू असताना सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी असते, मग ती मिरवणुकीतील वेशभूषेचा भाग का असेना.