सॉसेज वाचतं, पातं जातं

टेबल सॉवर काम करणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा बघाच. गरगर फिरणाऱ्या पात्याला हॉट डॉगचं सॉसेज टेकवतात, धाडकन आवाज येतो आणि पातं गायब! सॉसेजवर जेमतेम ओरखडा.

ही करामत 'सॉस्टॉप' या सुरक्षा-ब्रेकची. १९९९ मध्ये ती सुचली अमेरिकेतल्या स्टीव्ह गास यांना. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, पेशाने पेटंट वकील, हौसेने सुतार. पात्यात एक हलकासा विद्युत सिग्नल सतत खेळता ठेवलेला असतो. कोरड्या लाकडाने त्याला फरक पडत नाही. पण आपलं शरीर (आणि ते सॉसेजही) वीजवाहक, त्यामुळे बोट टेकताच सिग्नलचा जोर घटतो. त्याच क्षणी एक बारीक तार जळते, तिने अडवून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा थेट दातांत घुसतो. पातं ५ मिलिसेकंदांच्या आसपास थांबतं आणि त्याच हिसक्याने टेबलाखाली जातं. पुढे गास यांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःचं बोट लावून दाखवलं. मी नसतं लावलं बुवा!

खर्चाचं म्हणाल तर ब्रेकचं कार्ट्रिज, म्हणजे ठोकळा-स्प्रिंगचा संच, एकदाच चालतं, पातंही बहुधा भंगारात. ओल्या लाकडाने ब्रेक उगाचच बसू शकतो, म्हणून तो तात्पुरता बंद ठेवायची सोय आहे.

आणि हो, किकबॅकने लाकूड उसळून अंगावर येतं, ते हा ब्रेक अडवत नाही. त्यासाठी पात्यामागची 'रायव्हिंग नाइफ' ही पट्टी हवी. तीच कित्येक जण 'मध्ये येते' म्हणून पहिल्या दिवशी काढून ठेवतात.