कार्ड रुसलं? फॉरमॅट नको, आधी प्रत!

जोगेश्वरीतल्या एखाद्या फोटो स्टुडिओत लग्नाच्या फोटोंचं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं आणि 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं गेलं, तर उत्तर एकच : नाही. बहुतेक वेळा फोटो जागेवरच असतात. बिघडते ती फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठल्या ब्लॉकवर आहे याची नोंदवही.

लिनक्सवर 'एलएसबीएलके' म्हटलं की जोडलेल्या सगळ्या डिस्क दिसतात. ६४ जीबीचं कार्ड तिथे साधारण ५९.६ दिसतं, मोजायची रीत वेगळी, कार्ड खोटं नव्हे. मग 'जीएनयू डीडीरेस्क्यू'ने पूर्ण प्रत काढा. वाचता येणारा भाग तो आधी उचलतो, खराब जागांशी झटापट नंतर. कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल ठेवली असेल, तर मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. मात्र कमांडमध्ये आधी कार्डाचं नाव, मग प्रतीचं. उलट लिहिलंत तर संपलंच!

आता प्रतीवर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं मोफत 'फोटोरेक' चालवा. ते नोंदवही बघतच नाही, थेट जेपेगची सुरुवातीची खूण शोधतं. फाइलींची मूळ नावं जातात, फोटो मिळतात. फाइल सिस्टिम दुरुस्त करणारं 'एफएससीके' मूळ कार्डावर नको; दुरुस्तीच्या नादात ते तिथेच लिहितं.

जुना संग्रह सांभाळायला 'झेडएफएस' ही फाइल सिस्टिम उत्तम, ती प्रत्येक ब्लॉकचा चेकसम पडताळते. ती लिनक्सवर आणण्यात २०१०-११च्या सुमारास पुण्याच्या केक्यू इन्फोटेकचाही हात होता.

पावसाचं पाणी शिरलेली हार्ड डिस्क मात्र सुरूच करू नका. तिथे सॉफ्टवेअरचं काम नाही, ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.